वाशीत बलभीमअण्णांचा आवाज कुठं उतरतो

वाशीत कुणाची शेळी हरवली, कुणाच्या दुकानात बियाणं आलं, नळाला पाणी सकाळी येणार की संध्याकाळी, हे लोकांना बलभीम कवडे सांगत. सांगत म्हणजे वलीभाईच्या रिक्षात मागच्या सीटवर बसून, मांडीला अॅम्प्लिफायर खेटून ठेवून, टपावरच्या दोन कर्ण्यांतून सांगत. मोबाइल आले, त्यावर गल्लीगल्लीचे गट झाले, गटांवर दिवसभर फुलांची चित्रं फिरू लागली. पण शेळी हरवलेला माणूस अजूनही आधी बलभीमअण्णांचंच दार वाजवतो. मोबाइलवरचं लोक बघतात आणि वर सरकवतात. अण्णांचं बोलणं मात्र चूल पेटवता पेटवता, दाढी करता करता कानात शिरतं आणि राहतं.

हा धंदा त्यांनी ठरवून धरला नव्हता. तरुणपणी ते सोनारीच्या काळभैरवाच्या यात्रेत मंडपवाल्याच्या हाताखाली वायरी ओढायला गेले होते. माइकवर पुकारणाऱ्याचा घसा बसला आणि कुणीतरी माइक यांच्या हातात कोंबला. चुकलेल्या पोरांची नावं सांगायची होती. आधीचा गडी खेकसायचा, त्यानं पोरं आणखीच रडायची. बलभीम घरात बोलावं तसं बोलले, "लाल परकर घातलेली मुलगी आमच्यापाशी आहे. पेढा खातीय. आईनं धावपळ करू नये, सावकाश यावं." आई धावतच आली, पण आली ती हसत. त्या दिवसापासून माइक त्यांच्या हातातून सुटला नाही.

आवाजाला ते फार जपत. लोणचं नाही, बर्फाचा गोळा नाही, लग्नातल्या जेवणावळीत वाढप्यावर ओरडणं नाही. सकाळी ज्येष्ठमधाचा तुकडा दाढेखाली धरून फिरत. कमलबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "बाळंतीण पाळत न्हाय एवढं पथ्य पाळता तुमी. घरात बोलताना पण काटकसर. सगळा आवाज गावासाठी ठिवलाय."

"गावाला दिल्यावर तुला न्हाय का ऐकू येत?" अण्णा म्हणत.

त्यांना आयुष्यात दोनच गोष्टींचा त्रास होता. एक, वलीभाई. वलीभाई रिक्षा चालवत नसे, पळवत असे. "वली, हळू. लग्नाची वरात समज," असं अण्णा रोज म्हणत, आणि "वरातीत आहेर भेटतो अण्णा, इथं डिझेल जळतंय," असं वली रोज म्हणे.

दुसरा त्रास पोरांचा. अण्णांची सुरुवात ठरलेली असे: "वाशीकर मंडळी, लक्ष असू द्या!" पोरं कोपऱ्यावर उभी राहून त्यांची नक्कल करत. नक्कल करायला अण्णांची हरकत नव्हती. पण पोरं शेवटचा 'द्या' विहिरीत बादली सोडावी तसा खाली सोडत. अण्णा रिक्षा थांबवून उतरत. "मी आसं बोलतो का रं? कवा बोललो आसा?"

"रोजच की!" पोरं म्हणत आणि पळून जात.

अण्णांना हे कोडं कधी सुटलं नाही. त्यांचा 'द्या' कुठंही पडत नसे. तो कसा सपाट, पाटावर ठेवलेल्या तांब्यासारखा उभा असे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी बोलणारे तेच होते.

गेल्या हिवाळ्यात अण्णांचा गुडघा धरला. रिक्षात चढणं-उतरणं जमेना. तेव्हा वलीभाईनं तोड काढली. "अण्णा, तुम्ही घरी बाजेवर बसून एकदा बोला. मी पेनड्राइव्हवर घेतो. गाणं वाजवावं तसं गावभर वाजवतो. आवाज तुमचाच, गुडघा घरी."

कमलबाईंना हे लगेच पटलं. अण्णांनी चांगलं कोमट पाणी पिऊन, जनावरांच्या लसीकरणाची सूचना बोलून दिली. वलीनं ती वाजवून दाखवली. झकास होती. 'द्या' जागच्या जागी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बसस्थानकाजवळ वीरभद्रच्या टपरीवर चहा घेत बसले. शेजारी महांतप्पा किराणावाले होते. लांबून कर्ण्यांचा आवाज आला आणि अण्णांनी कप खाली ठेवला. एवढी वर्षं गावाला ऐकवलं, पण रस्त्याच्या कडेला बसून आपला आवाज त्यांनी आज पहिल्यांदाच ऐकला. मिशी पुसून ते सावरून बसले, जणू व्याही येताहेत.

आवाज जवळ आला. भरदार, चढा, तरुण. अण्णा खूश झाले. मागं कुणी 'हळू' म्हणणारं नव्हतं, त्यामुळं वलीची रिक्षा सुसाट आली आणि टपरीसमोरून निघून गेली. आणि ती पुढं गेली त्याच क्षणी, "वाशीकर मंडळी, लक्ष असू द्या" मधला 'द्या' खाली बसला. थेट पोरं करत तसा. त्यापुढचं सगळं, बैल, गाय, शेळी, लस, दवाखाना, सगळं उतरत्या, ओढल्यासारख्या आवाजात लांब लांब जात राहिलं.

अण्णांचा चेहरा उतरला. "हे काय झालं?"

"कशाचं?" वीरभद्र गाळणी झटकत म्हणाला.

"आवाज पडला की माझा!"

"तो व्हय? तो इथं रोजच उतरतो अण्णा. ह्या लाइटीच्या डीपीमुळं. करंट ओढती ती."

"काय बी बोलू नको," महांतप्पा म्हणाले. "डीपीचा काय संबंध? तो आमच्या दुकानापुढं उतरतो. लिंबाच्या झाडाखाली हवा जड आहे. मी कितीदा बघितलंय."

"तुमी मला कधी बोलला न्हाईत?"

"म्हणलं, कशाला जिवाला लावून द्यावं," महांतप्पा मायेनं म्हणाले.

ही माया अण्णांना फार लागली. म्हणजे पोरं खरी होती. सगळ्या वाशीला माहीत होतं आणि एकट्या बलभीम कवड्यांना नव्हतं.

वली परत आला तेव्हा अण्णांनी थांबलेल्या रिक्षात तेच पुन्हा ऐकलं. आवाज ठणठणीत होता. वली म्हणाला, "बघा! काय झालंय याला?" पण अण्णांनी स्वतःशी वेगळाच हिशेब मांडला होता. आवाज जवळून चांगला लागतो आणि लांब जाताना दमतो. ज्याचा आवाज वाटेत दमतो, त्यानं पुकारायचं काम करू नये. घरातल्या घरात बायकोशी बोलावं.

त्यांनी माइकला फडकं गुंडाळलं आणि तो फडताळात ठेवून दिला. वलीनं मग मोबाइलमधल्या बाईच्या यांत्रिक आवाजात सूचना फिरवायला सुरुवात केली. ती बाई फार सभ्य होती. "एक शेळी हरवलेली आहे. कृपया सर्वांनी नोंद घ्यावी." लोकांनी नोंद घेतली, शेळी शोधली मात्र कुणीच नाही. ज्याची शेळी हरवली होती तो गोरोबा अण्णांच्या दारात येऊन बसला. "अण्णा, त्या बाईला शेळी म्हंजे काय ते तरी ठाव आहे का? तुमी एकदा बोला."

"आता न्हाय," अण्णा म्हणाले, आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. कमलबाईंनी घरातला रेडिओसुद्धा बंद ठेवला. जो माणूस बोलण्यात काटकसर करतो म्हणून त्यांनी जन्मभर टोमणे मारले, तो खरंच गप्प झाल्यावर त्यांना घर खायला उठलं.

अशा वेळी निकिता आली. निकिता वाशीचीच, आता धाराशिवच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. लहानपणी नक्कल करणाऱ्या पोरांमध्ये तीच सगळ्यांच्या पुढं असायची. वाचनालयात तिचं व्याख्यान ठरलं होतं: 'विश्व पसरतंय, हे कशावरून?'

"अण्णा, माझ्या व्याख्यानाचं तुम्हीच पुकारा. त्या मोबाइलच्या बाईनं सांगितलं तर माझी आईसुद्धा यायची नाही."

"माझा आवाज गेलाय पोरी."

"बोलताय की चांगलं!"

मग अण्णांनी तिला टपरीवरचं सगळं सांगितलं. डीपी, लिंब, पोरं, पडलेला 'द्या'. "माझा आवाज लांब जाता जाता दमतोय," ते म्हणाले.

निकिता आधी मोठ्यानं हसली. मग अण्णांचा चेहरा बघून ओशाळली. "अण्णा, तुम्हाला हसले नाही. तुम्ही जे म्हणालात ना, तेच जगातल्या एका मोठ्या प्रश्नावर काही शास्त्रज्ञांनीही म्हटलं होतं. लांबून येता येता प्रकाश दमत असेल, असं."

"मग? दमतो का?"

"उद्या सकाळी बघू. वलीभाईंना सांगा. आणि अण्णा, आपल्याकडं संशयित दोन आहेत. एक म्हणजे अंतर, दुसरा म्हणजे रिक्षाचं जाणं. दोघांना एकत्र पकडायचं नाही. वेगवेगळं पकडायचं."

दुसऱ्या दिवशी बाजार समितीकडं जाणाऱ्या सरळ रस्त्यावर अण्णा खुर्ची टाकून बसले. शेजारी कमलबाई, कारण त्या म्हणाल्या की गुडघ्याबरोबर कुणीतरी पाहिजे. निकिता मोबाइलवरून वलीला हुकूम देत होती.

आधी वलीनं रिक्षा रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन उभी केली आणि पेनड्राइव्ह लावला. अण्णांनी कानामागं हात धरला. आवाज बारीक आला, वाऱ्यानं थोडा मोडत आला. पण 'द्या' उभा होता.

"पडला?" निकितानं विचारलं.

"न्हाय. बारीक झाला, पर पडला न्हाय."

"म्हणजे लांबून आला म्हणून आवाज दमत नाही. पहिला संशयित सुटला."

मग रिक्षा जवळ बोलावली आणि वलीला सांगितलं, इथून निघा आणि जोरात लांब जा. वलीला आयुष्यात प्रथमच कुणी जोरात जायला सांगितलं होतं. तो असा गेला की कमलबाईंनी पदर तोंडावर घेतला. आणि रिक्षा निघता निघता अण्णांचा 'द्या' खाली बसला.

"आता परत या, तसेच!" निकिता मोबाइलवर ओरडली.

रिक्षा अंगावर येऊ लागली, आणि आवाज चढला. चढा, कोवळा, सोनारीच्या यात्रेतला. कमलबाई चमकून बघायला लागल्या. "आगं बया! हे तर लग्नातलं बोलणं!"

"येताना मी पंचविशीतला, जाताना साठीतला," अण्णा म्हणाले आणि किती दिवसांनी खदखदून हसले.

"रिक्षा तुमच्याकडं येत असली की आवाजाच्या लाटा एकमेकींच्या जवळ जवळ पडतात, आवाज चढतो. ती लांब जात असली की लाटा ओढल्या जातात, ताणल्या जातात, आवाज उतरतो," निकिता म्हणाली. "तुम्ही कायम रिक्षात बसलेले. तुम्ही तिच्याबरोबरच चाललेले. म्हणून तुम्हाला एवढ्या वर्षांत कधी कळलं नाही."

अण्णांनी बोटावर मोजलं. "म्हंजे डीपी न्हाय, लिंब न्हाय."

"ज्याच्या दारासमोरून रिक्षा पुढं जाते, त्याला वाटतं आपल्याच दारात उतरतो. वाशीतलं प्रत्येक दार खरं बोलतंय आणि कुठलंच दार खास नाही."

एव्हाना वली घाम पुसत येऊन उभा राहिला होता. "आणि ते विश्वाचं काय ते?" त्यानं विचारलं. "पसरतंय म्हणे. हे कर्ण्यावरून कसं कळलं?"

"कर्ण्यावरून नाही, उजेडावरून. उजेडाच्याही लाटा असतात. त्या ताणल्या की उजेड तांबड्या बाजूला सरकतो. लांबच्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची प्रचंड मोठी गावं, त्यांचा उजेड तपासला तर तो असा सरकलेला सापडतो. त्याला ताम्रसृती म्हणतात."

अण्णांना हे सहज पटलं नाही. "थांब. माझा मूळ आवाज कसा, ते वलीच्या पेनड्राइव्हात आहे. म्हणून पडला ते कळलं. त्यांचा उजेड मुळातच तांबडा नसंल कशावरून? मूळचा कुणाजवळ आहे?"

"बरोबर तिथंच सगळी मेख आहे," निकिता म्हणाली. "नुसता तांबडा रंग बघून कुणी सांगत नाही. उजेड लोलकातून काढला की रंगांचा पट्टा पडतो. त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा असतात. हायड्रोजनच्या रेघांची मांडणी ठरलेली, दुसऱ्या वायूची वेगळी..."

"इरकलीचा काठ बघून सांगावं तसं," कमलबाई म्हणाल्या.

"तसंच काकू! तो हायड्रोजन आपल्याकडंही आहे. इथं प्रयोगशाळेत बघून रेघांच्या मूळ जागा ठाऊक आहेत. लांबच्या दीर्घिकेत काठ तोच सापडतो, पण अख्खाच्या अख्खा तांबड्या बाजूला ताणून सरकलेला. आणि दीर्घिका जेवढी लांब, तेवढा जास्त सरकलेला. अपवाद अगदी शेजारच्या काही जणींचा. देवयानी म्हणून एक आहे, ती उलट आपल्याकडं येतेय."

"शेजारीण आहे, येणारच," कमलबाई म्हणाल्या.

"आणि तो दमलेला उजेड?" अण्णांनी विचारलं. आपला सिद्धांत असा सोडून द्यायला त्यांचं मन तयार नव्हतं.

"तो पकडला गेला. लांबच्या दीर्घिकेत एखादा तारा फुटतो, झळाळतो आणि हळूहळू मावळतो. उजेड नुसता दमत असता, तर मावळायला वेळ नेहमीइतकाच लागला असता. पण तो वेळही ताणलेला दिसतो. रेघा ताणल्यात, वेळ ताणलाय, दोन्ही एकाच मापानं."

"म्हंजे सगळेच आपल्यापासून पळतायत," वली म्हणाला. "आपण मधोमध, आणि सगळे आपल्याला सोडून निघाले."

"वलीभाई, आता तुम्ही महांतप्पांसारखं बोलायला लागलात. प्रत्येक गावाला तसंच वाटणार." निकितानं इकडंतिकडं पाहिलं. रिक्षात अॅम्प्लिफायर हलू नये म्हणून वलीनं तो जुन्या ट्यूबच्या रबरी पट्टीनं बांधला होता. तिनं ती पट्टी सोडवली आणि कमलबाईंच्या पदराला टोचलेल्या सेफ्टी पिनांमधल्या काही मागून घेऊन पट्टीत ओळीनं अडकवल्या. एक टोक अण्णांच्या हातात, एक वलीच्या. "ओढा."

पट्टी ताणली गेली. पिना तेवढ्याच राहिल्या, मधली जागा वाढली. कुठल्याही पिनेवरून बघावं, तर जवळची थोडी सरकली होती आणि लांबची जास्त.

"ह्यात पिना कुठं पळाल्या?" निकिता म्हणाली. "मधली पट्टीच ताणली. म्हणून रिक्षाचं उदाहरण दारापर्यंत न्यायला बरं, आत गेल्यावर ते सोडावं लागतं. दीर्घिका रस्त्यावरून पळत नाहीत. रस्ताच लांबतोय. आणि त्या रस्त्यानं येणारा उजेड वाटेत त्याच्याबरोबर ताणला जातोय."

वलीनं पट्टी पुन्हा एकदा ओढून पाहिली. "म्हणजे माझ्या स्पीडचा काही दोष नाही. रस्ताच तसा आहे."

"तुझा आहे," अण्णा म्हणाले. "तुझा सगळा आहे. मी रोज हळू म्हणत होतो. हळू गेला असतास तर एवढा पडलाच नसता."

पट्टी सोडताना वलीनं ती मुद्दाम अण्णांच्या हातावर चापकन सोडली.

घरी जाताना उभ्या रिक्षातून आलेला बारीक आवाज अण्णांच्या मनात होता. तो पडलेला नव्हता हे खरं. पण सोनारीच्या यात्रेतलाही नव्हता. त्याच्या कडेला थोडी खरखर आली होती. ती ना वलीमुळं, ना रस्त्यामुळं. ती त्यांची स्वतःची होती आणि ऐकायला तशी काही वाईट नव्हती. घरी पोचल्यावर त्यांनी फडताळातून माइक काढला, फडकं सोडलं आणि त्याच फडक्यानं त्याची जाळी पुसली.

"पेनड्राइव्ह लावा की," कमलबाई म्हणाल्या. "गुडघा?"

"तू उशी दे मागं टेकायला."

दुपारी रिक्षा निघाली. आधी गोरोबाच्या शेळीची सूचना झाली. "काळी शेळी. डाव्या कानाला पांढरा ठिपका. स्वभावानं गरीब, पण दोरी चावते. जिथं असेल तिथं तिला पाणी पाजावं आणि गोरोबाला निरोप द्यावा." आणि मग, "वाशीकर मंडळी, लक्ष असू द्या! आपली निकिता आज संध्याकाळी वाचनालयात सांगणार आहे, की आभाळातली गावं एकमेकांपासून लांब चालली आहेत, आणि हे त्यांच्या उजेडावरून कसं कळलं. पहिला नमुना माझ्या आवाजाचा. ज्याच्या ज्याच्या दारापुढं माझा आवाज उतरतो, त्यानं त्यानं यावं."

रिक्षा टपरीवरून गेली. वीरभद्रनं डीपीकडं बोट दाखवलं. लिंबाखालून गेली. महांतप्पांनी दुकानातून मान डोलावली. शाळेच्या कोपऱ्यावर पोरं उभीच होती. अण्णा पुढं जाताच त्यांनी एका सुरात बादली विहिरीत सोडली, "लक्ष असू द्याऽऽ!"

वलीनं सवयीनं ब्रेक लावला. आता अण्णा उतरणार, ओरडणार, आणि मग त्यांना परत चढवताना कमलबाईंची उशी खाली पडणार, हे त्याला ठाऊक होतं.

अण्णा उतरले नाहीत. त्यांनी माइक हातानं झाकून धरला आणि मागं वळून पोरांकडं नीट, कान देऊन बघितलं.

"बरोबर करतात रं," ते म्हणाले. "अगदी बरोबर. वली, आणखी एक चक्कर घे ह्या कोपऱ्यावरनं. आणि आता जरा पळव."